बाबांच्या वहीतला रंगाचा रकाना

३ मार्च

कार्यालयातल्या नोंदवहीत आकडे लिहायचे असतात, शंका लिहायच्या नसतात. म्हणून ही वेगळी वही.

आज बैठकीत मुंगीनं तिचा नकाशा मांडला. मुंगी आमच्या विभागातली नवी मुलगी. तीन वर्षं झाली तरी नवीच. अंगानं एवढीशी आणि स्वतःच्या दसपट काम ओढत नेते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. तिला चालतं.

काम साधं आहे. एक उपग्रह पाण्याच्या वरच्या थराची ऊब मोजतो, दुसरा पाण्याचा रंग. रंगावरून हरितद्रव्य किती ते कळतं, म्हणजे वनस्पतिप्लवक किती ते कळतं. प्लवक म्हणजे डोळ्यांना न दिसणारं समुद्राचं गवत. त्यावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर मासे, माशांवर बाकीचे सगळे. पाणी थंड असतं तिथे तळाचं खत वर येतं आणि गवत माजतं. वरचं पाणी तापलं की ते झाकणासारखं बसतं, खत खालीच अडकतं, आणि समुद्र निळाशार होत जातो. लोकांना निळा समुद्र आवडतो. आमच्या धंद्यात तो उपाशी समुद्र.

मुंगीचं म्हणणं, आपल्या किनाऱ्यासमोरच्या पट्ट्यात वीस वर्षांत पाणी पाऊण अंशानं तापलं आणि गवत जवळजवळ एक तृतीयांश कमी झालं. हा अहवाल मत्स्य खात्याकडे गेला की पट्टा पाच वर्षं मासेमारीला बंद. चारशे बोटींचा प्रश्न आहे.

माझी हरकत सांध्याला आहे. जुना उपग्रह बारा वर्षांपूर्वी निकामी झाला आणि नवा लागला. दोघं एका वेळी चालू होते फक्त अकरा आठवडे, त्यातही निम्मे दिवस ढग. नवं यंत्र जरा कमी दाखवत असेल, तर घट समुद्रात नाही, आपल्या यंत्रात आहे. संचालकसाहेब म्हणाले, शंका घ्या, पण पुरावा आणा. सहा आठवडे दिलेत.

 माझी हरकत मुंगीनं सुवाच्य अक्षरात लिहून घेतली.

४ मार्च

पुरावा घरातच असू शकेल. कसं सुचलं नाही इतकी वर्षं?

बाबा एकतीस वर्षं बोयांच्या, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या खुणांच्या, देखभालीच्या बोटीवर होते, शेवटची वीस वर्षं कप्तान म्हणून. सगळ्यात लांबचा हवामानाचा बोया किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर, बरोबर मुंगीच्या पट्ट्यात. दर पंधरवड्याला फेरी. बोयाशी पोचलं की बादलीनं पाणी काढून तापमान घ्यायचं, ही खात्याची पद्धत. बाबा ते स्वतःच्या वहीतही लिहायचे आणि शेजारी पाण्याचा रंग लिहायचे.

रात्रीच्या जेवणाआधी वह्यांचं विचारलं. म्हणाले, माळ्यावर आहेत, उद्या काढतो. मी म्हटलं, मी काढते. म्हणाले, धूळ फार आहे, राहू दे.

९ मार्च

एकोणतीस वह्या. दोन ओल लागून गेल्या, बाकी ठीक.

रंगाचा रकाना सत्तावीस वर्षांपूर्वी सुरू होतो. त्याआधी नाही. खात्यानं मागितलेला नव्हता, कुठे पाठवायचा नव्हता. का सुरू केला, कळत नाही. त्याच वर्षी मी समुद्रशास्त्र शिकायला कॉलेजात गेले होते, एवढं आठवतं. पहिल्या सुट्टीत प्रयोगशाळेतून रद्द झालेली रंगनळ्यांची पेटी मी त्यांना आणून दिली होती. एकवीस काचनळ्या, गडद निळ्या एक नंबरपासून काळपट तपकिरी एकवीसपर्यंत. पाण्याशेजारी धरायची, जी जुळेल तिचा नंबर लिहायचा. पोरखेळ म्हणून दिली होती. त्यांनी वीस वर्षं लिहिलं.

बाबा दिवसभर न्हाणीघरातल्या फरशा घासत होते. म्हणे पिवळ्या पडल्यात. मला तर पांढऱ्याच दिसल्या. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी काम लागतं.

१३ मार्च

आकडे भरून झाले. चारशे सत्तर नोंदी. तापमानाचा रकाना उपग्रहाशी इतका जुळतो की मी दोनदा तपासला. बादली आणि अवकाश यांच्यात सरासरी फरक अंशाचा पाचवा भाग. पाणी तापलंय यात वाद नाही.

रंगाचं मात्र उलटं आहे. सुरुवातीला चार, कधी तीन. मग हळूहळू पाच. शेवटच्या चार-पाच वर्षांत सहा, एकदा सात. म्हणजे पाणी निळं होत गेलं नाही, हिरवट होत गेलं. गवत कमी झालं नाही, झालं तर वाढलंय. मुंगीची घट सांध्यातच आहे.

मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा एकदा सगळं तपासलं. तेच आलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं की तुमच्या वह्या उपयोगी पडणार. त्यांनी विचारलं, कोणता रकाना? म्हटलं, रंगाचा. म्हणाले, "तापमानाचा चांगला आहे. तापमानाचा घे." विनय. स्वयंपाकघरातला दिवा आज पुन्हा बदलला त्यांनी, महिन्यातला तिसरा. हल्लीचे दिवे उजेडच देत नाहीत म्हणतात.

१८ मार्च

बैठकीत मांडलं. साहेबांनी चष्मा काढून आलेख जवळून पाहिला. वीस वर्षं एका माणसानं एका जागी एका पद्धतीनं घेतलेली नोंद सहसा मिळत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. अहवाल थांबवला.

मुंगीनं एकच विचारलं, वह्या बघता येतील का? मी म्हटलं, मी सगळं उतरवून घेतलंय. ती म्हणाली, हो, पण वह्याच बघायच्या आहेत. माझ्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो, पण मीही तिच्या जागी हेच म्हटलं असतं. गुरुवारी ये म्हणून सांगितलं.

२० मार्च

मुंगी आली. बाबा खूश. बोटीवरच्या गोष्टी सांगितल्या, बोयावर येऊन बसलेला पाणकावळा, दोर तुटून वाहून गेलेली घंटा, सगळं. मी हे शंभरदा ऐकलंय. ती पहिल्यांदाच ऐकत होती, म्हणून हसायच्या जागी हसत होती.

मग तिनं त्यांच्याकडे एक वही मागितली, निळ्या पुठ्ठ्याची. बाबांनी हिरवी दिली. ती म्हणाली, काका, निळी. बाबांनी दोन्ही हातात घेऊन खिडकीशी नेल्या आणि म्हणाले, एकाच रंगाच्या तर आहेत, उगाच म्हाताऱ्याची परीक्षा घेतेस. त्यांची थट्टा अशीच असते.

जाताना दारात तिनं विचारलं, "काका, डोळे कधी तपासून घेतले होते?"

बाबा म्हणाले, "तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं. तेलच गोठलं असेल."

बोलण्याचा विषय बदलायला मी तिला छत्री दिली. बाहेर ऊन होतं. ती छत्री घेऊन गेली.

२३ मार्च

ताईचा फोन. ताई माझी मोठी बहीण, दुसऱ्या शहरात असते आणि रविवारी सकाळी दहाला माझ्या चुका मोजते. बाबांनी तिला पाठवलेल्या पत्राच्या ओळी एकमेकींवर चढल्यात म्हणे. डॉक्टरकडे कधी नेतेस? मी म्हटलं, अहवालाचं झालं की नेते. ती म्हणाली, तुझं नेहमी काहीतरी झालं की असतं. 

मुंगीच्या प्रश्नाचा राग आला होता, त्याचा विचार केला. ती बाबांच्या डोळ्यांवर शंका घेत नव्हती, माझ्या पुराव्यावर घेत होती. आणि बाबांना शेवटची फेरी करून सात वर्षं झाली. आजच्या डोळ्यांचा तेव्हाच्या नोंदींशी काय संबंध?

२ एप्रिल

बाबा पडले. दिवा बदलायला घडवंचीवर चढले होते, उतरताना शेवटची पायरी दिसली नाही. डावं मनगट मुरगळलं, हाड शाबूत आहे. शेजारीण त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, मी कार्यालयातून परस्पर गेले.

तिथल्या डॉक्टरनं मनगट बांधलं आणि मग सहज बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकला. मला बाजूला घेऊन म्हणाला, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे. बराच जुना. यांना अजून घरात वावरता येतं कसं, याचंच नवल आहे. तुमच्या लक्षात आलं नाही?

मी सांगितलं की मी दिवसभर बाहेर असते.

५ एप्रिल

नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. आधी उजवा डोळा, महिनाभरानं डावा. मी विचारलं, सुरुवात कधी झाली असेल? बाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, पण डोळ्यातलं भिंग पिवळं पडायला पन्नाशीतच लागतं. समुद्रावर उन्हात काम करणाऱ्याचं आणखी लवकर. माणसाला कळत नाही. सगळं जगच हळूहळू पिवळं होतं, आणि निळा रंग आधी जातो.

बाबांची पन्नाशी तेवीस वर्षांपूर्वी होती.

मी हे लिहून ठेवते आहे. अजून त्याचा काही अर्थ लावलेला नाही.

१७ एप्रिल

काल उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आज पट्टी काढली. घरी आल्यावर ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी दार वाजवलं. आतून म्हणाले, "ठकू, या फरशा कोणी बदलल्या?"

ठकू मी. हे नाव आता फक्त तेच घेतात.

मग घरभर फिरले. पडदे, माझी साडी, गॅसची ज्योत. एक डोळा हातानं झाकायचे, मग दुसरा. ज्योतीशी उभे राहून दहा वेळा केलं असेल. मी जेवायला वाढते म्हटलं तर म्हणाले थांब.

१८ एप्रिल

विचारलं. विचारायलाच हवं होतं.

नळ्या आणि पाणी दोन्ही एकाच डोळ्यानं बघितली असती, तर भिंग पिवळं असलं तरी फार बिघडलं नसतं. दोन्ही सारखीच पिवळी दिसली असती, जुळणी बऱ्यापैकी राहिली असती. रात्रभर मी हाच आधार धरून होते. सकाळी म्हटलं, बाबा, नळ्या प्रत्येक वेळी पाण्याशेजारी धरत होतात ना?

ते चहा पीत होते. कप खाली ठेवला.

"पेटी पाचव्या वर्षीच फुटली. लाटेनं डेकवरून गेली. नंतरचं सगळं आठवणीनं."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू आणून दिली होतीस," म्हणाले.

हे काही उत्तर नाही. दुसरी पेटी मागता आली असती. मी सहज मिळवली असती.

पंधरा वर्षं रंगाचे आकडे आठवणीतून, आणि डोळा वर्षागणिक पिवळा. समुद्र हिरवा होत नव्हता.

१९ एप्रिल

बाबांना सांगावं लागलं. अर्धवट सांगितलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं.

"म्हणजे मी खोटं लिहिलं?"

"खोटं नाही. चुकीचं."

"वहीत काय फरक पडतो?"

 फरक पडत नाही हे खरंच आहे.

२१ एप्रिल

 आज मी कामावरून आले तर टेबलावर वह्या पसरलेल्या आणि बाबांच्या हातात लाल पेन्सिल. पेटी फुटली त्या तारखेपासून शेवटच्या फेरीपर्यंत रंगाच्या रकान्यावर त्यांनी उभी रेघ ओढली होती. प्रत्येक पानावर. प्रत्येक पानाच्या समासात लिहिलं होतं: *नजर सदोष. विश्वास ठेवू नये.* एकशे नव्वद पानं. अक्षर सरळ आलंय, ओळ ओळीवर चढलेली नाही.

तापमानाच्या रकान्याला हात लावला नव्हता. म्हणाले, पारा शेवटची काही वर्षं भिंगातून वाचत होतो, तो खरा आहे.

२३ एप्रिल

कार्यालयातून रंगनळ्यांची पेटी आणली. कल्पना बाबांची. एक डोळा नवा, एक जुना, असा माणूस महिनाभरच हाताशी आहे, म्हणाले, वापरून घे.

मी नंबर झाकून नळी खिडकीच्या उजेडात धरते. ते आधी जुन्या डोळ्यानं बघून नंबर सांगतात, मग नव्या. आठवणीनं, बोटीवर सांगायचे तसाच. आज वीस नळ्या झाल्या. तीन नंबरची नळी जुन्या डोळ्याला सहा दिसते. दोन नंबरची पाच. नव्या डोळ्यानं वीसपैकी सतरा वेळा नंबर बरोबर सांगितला, बावीस वर्षं पेटी न बघता. याची मी वेगळी नोंद केली आहे.

२९ एप्रिल

रोज संध्याकाळी पाच ते सहा. उजेड सारखा हवा म्हणून मी कार्यालयातून लवकर निघते. हे गेल्या अकरा वर्षांत केलं नव्हतं. बाबा खुर्च्या लावून ठेवतात, चहा तयार असतो.

५ मे

बैठक झाली. मी उभी राहून सांगितलं की माझा पुरावा मागे घेते. कारणही सांगितलं, पेटी, आठवण, मोतीबिंदू. एका डोळ्याच्या आजच्या अवस्थेवरून पंधरा वर्षांची दुरुस्ती काढता येत नाही, हेही सांगितलं. वाढ खरी नव्हती, एवढंच म्हणता येतं. तोंडघशी पडले, पण आडवाटेनं न जाता पडले.

मुंगीनं मधल्या सात आठवड्यांत स्वस्थ बसण्याऐवजी संशोधन नौकेवरचे जुने नमुने शोधून काढले होते. सांध्याच्या आधीचे एकोणसाठ, नंतरचे अठ्ठ्याहत्तर. बाटलीतल्या पाण्यातलं हरितद्रव्य मोजलेलं. नवं यंत्र किंचित कमी दाखवतं, माझी शंका तेवढी खरी होती. पण ते काढून टाकलं तरी घट उरते. एक तृतीयांश नाही, एक चतुर्थांश.

साहेब म्हणाले, अहवाल जाऊ द्या. तापमानासाठी बाबांचा रकाना मुंगीनं अहवालात घेतलाय. श्रेय म्हणून लिहिलंय: बोया-बोटीचे निवृत्त कप्तान.

नंतर व्हरांड्यात तिला म्हटलं, तू त्या दिवशी डोळ्यांचं विचारलंस तेव्हाच तुला कळलं होतं. ती म्हणाली, "हो मॅडम. पण मी आधी काकांबद्दलच विचारत होते." छत्री परत द्यायची राहिली आहे, उद्या आणते म्हणाली.

१२ मे

डाव्या डोळ्याची तारीख उद्याची होती. बाबांनी परस्पर फोन करून आठवडाभर पुढे ढकलली. म्हणतात, आणखी शंभर वाचनं हवीत, यंत्र मोडण्याआधी काम पुरं करू. मी सांगितलं की अहवाल गेला, आता वाचनांचा उपयोग नाही. ते म्हणाले, उपयोगाचं काय, उद्या पाचला ये.

हट्टी आहेत. मी येईन म्हटलं.

२६ मे

डावा डोळाही झाला. ताई चार दिवस राहून गेली. तिनं मला काही सुनावलं नाही, हे मला जास्त जड गेलं. पेटी कार्यालयात परत दिली. संध्याकाळी पाचला मी सवयीनं घरी आले. बाबा खुर्चीत बसले होते. दुसरी खुर्चीही मांडलेली होती. आम्ही नुसते बसलो.

२ जून

पट्टा बंद करण्याचा आदेश निघाला. बंदरावर बोटवाल्यांची सभा झाली. बाबा गेले होते, निम्मे लोक त्यांच्या ओळखीचे. कोणी विचारलं, कप्तान, तुमच्या पोरीच्या खात्यानं हे केलं ना? ते म्हणाले, हो, आणि ऊब माझ्या वहीतली आहे, ती चोख आहे. यावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. जेवण मात्र कमी गेलं.

१४ जून

संशोधन नौका नमुने घ्यायला बोयापर्यंत जाणार होती. मी साहेबांना विचारलं, बाबांना नेता येईल का? मी असं काही मागत नसते, म्हणून बहुधा हो म्हणाले.

पहाटे निघालो, साडेअकराला पोचलो. आकाश स्वच्छ, वारा जवळजवळ नाही. मुंगी बाटल्या सोडत होती, मी तिला मदत करत होते. बाबा कठड्याशी उभे.  आमचं काम संपलं तेव्हा नौकेच्या कप्तानानं मला खुणेनं विचारलं, निघायचं? मी बाबांजवळ गेले. ते म्हणाले, इंजिन जरा बंद करायला सांग. कप्तानानं बंद केलं. पाच मिनिटांची पंधरा झाली.

पाणी इतकं निळं होतं की फोटोत खोटं वाटलं असतं.

"इतकं सुंदर मी कधीच पाहिलं नव्हतं," बाबा म्हणाले. "मी होतो तेव्हा असं नव्हतं ना?"

"नव्हतं. तेव्हा तुमची चारची नळी असायची."

"म्हणजे तेव्हा जरा गढूळ होतं."

"तेव्हा खायला होतं."

त्यांनी मान हलवली. पण पाण्यावरची नजर काढली नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. पण चेहरा तसा नव्हता, काय होतं ते मला सांगता येणार नाही. मग कठड्यावरचा माझा हात त्यांनी धरला आणि म्हणाले, बादली दे.

नौकेवर बादलीनं आता कोणी पाणी काढत नाही. खलाशानं डेक धुवायची आणली. त्यांनी दोर मनगटाला एक वेढा देऊन सोडली, ओढून घेतली, मुंगीनं दिलेला तापमापक पाण्यात धरून वाट पाहिली आणि भिंगाशिवाय वाचला. मी वही उघडली. त्यांनी आकडे सांगितले, मी लिहिले.

तापमान २९.१. रंग १.

मुंगीच्या यंत्रावर २९.० होतं. बाबा म्हणाले, यंत्र पुन्हा तपासा.